पार्सल तुमच्यासाठीच आहे

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

पार्सल उघडल्यावर बाबा म्हणणार, "हिनं कुणा पोराचं पुडकं आपल्या पत्त्यावर पाठवलंय." नाही बाबा. आत मुलांचे दिवाळी अंक आणि सुट्टीतली पातळ पुस्तकं आहेत, आणि ती तुम्हा दोघांसाठीच आहेत. रागावण्याआधी थोडं ऐका.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुमचं वाचन पेपरच्या मथळ्यांवर आलंय, असं आई सांगत होती. कादंबरी चार दिवसांनी पुन्हा हातात घेतली की कोण कुणाचा मेहुणा ते आठवत नाही, हे तर तुम्हीच म्हणालात. या अंकांत टाइप ठसठशीत आहे आणि गोष्ट चार पानांत आटपते. पण केवळ डोळ्यांच्या सोयीसाठी पाठवले असते, तर मी भिंगच पाठवलं असतं. मुलांसाठी लिहिणाऱ्याला पाल्हाळ परवडत नाही. पहिल्या परिच्छेदात काही घडलं नाही की पोरगं सरळ शब्दकोड्याच्या पानावर जातं. मोठ्यांच्या दिवाळी अंकांतले निम्मे लेख या परीक्षेत नापास होतील. (आई, तुझ्या आवडत्या लेखकांना यातून वगळलंय.)

माझं मराठी तरी दुसरं कशावर पोसलं? बडोद्यात शाळा गुजराती, गल्लीतला खेळ गुजराती. मराठी वाचायला आईनं शिकवलं, तेही सुट्टीत. गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते, त्यामुळे मराठी ओळ मला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसायची. मग 'किशोर'चा दिवाळी अंक यायचा, आणि फराळाचं आटपेपर्यंत आई तो कपाटावर ठेवून द्यायची. मी स्टूल लावून काढायचे. आई, तुला ते कळायचं, तरी तू स्टूल कधी हलवलं नाहीस.

बाबा सुट्टीत मला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचे. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं, पेट्यांतून गावोगाव पुस्तकं पाठवली, हे तुम्ही दर खेपेला नव्यानं सांगायचात. माझं लक्ष मात्र त्या काचेच्या मजल्यांकडे असायचं. वर कुणी चाललं की खाली सावली हलते का, ते बघत मी उभी राहायचे.

खरं सांगायचं तर या पार्सलचं डोक्यात आलं ते मे महिन्यात. तुमच्या नातीनं देवमाशावरचं सुट्टीतलं पुस्तक आणलं होतं. दुसऱ्याच दिवशी बाबा, तुम्ही आणि ती कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा बघायला गेलात. तिनं तो पावलांनी मोजला. वाटेत सेव उसळ खाऊन घरी जेवायला भूक नाही म्हणालात, ते आईनं लगेच ओळखलं होतं. पण मला आठवतं ते रात्रीचं. ती झोपल्यावर तेच पुस्तक दिव्याखाली धरून तुम्ही शेवटच्या पानापर्यंत वाचलंत. मधे एकदा हसलात. मथळे वाचताना तुम्ही हसत नाही, बाबा.

आइसलंडमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी एकमेकांना पुस्तकं देतात. दुसऱ्या महायुद्धात बाकीच्या वस्तूंची टंचाई होती, कागद त्या मानानं मिळत होता, तेव्हापासून ही रीत रुजली. मला हे कळलं तेव्हा आधी हेवा वाटला, मग आठवलं की 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. आपण मागे नाही. फक्त पोरांना फटाके आधी देतो आणि अंक नंतर.

आणखी एक. 'किशोर' १९७१ मध्ये सुरू झाला, आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. टॅबलेटवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं. खालच्या मजल्यावरच्या मुलाला सांगा, तो उघडून देईल. मी माझ्या सहावीतला दिवाळी अंक शोधायला बसले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भात अगदी गिच्च झाला.

आता कामाचं. इथं पुण्यात आमच्या सोसायटीतली मुलं यंदा हस्तलिखित अंक काढताहेत. कल्पना माझी, पण संपादक तुमची नात, आणि ती कडक आहे. बाबांकडून दोन पानं हवीत. सूरसागरच्या काठी सायकल शिकलात ती हकीकत चालेल, सयाजीरावांवर निबंध नको. आईकडून दहा कोडी, उत्तरं वेगळ्या कागदावर. आपलं बडोद्याचं मराठी तसंच राहू दे, पुणेरी करत बसू नका. शाई काळी वापरा, निळी झेरॉक्समध्ये फिकी येते.

भाऊबीजेपर्यंत मजकूर पोचायला हवा. बाबांची पानं तिनं मधोमध धरली आहेत, आणि चित्र कशाचं काढायचं हे विचारायला ती रविवारी फोन करणार आहे.

तुमची,
छकुली