माळ्यावरची ट्रंक तशीच राहू द्या

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर विषय काढला की आई भाजीच्या भावावर जाते आणि बाबा फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. दोघांनी मिळून वाचा. बाबा, चष्मा फ्रिजवर असेल.

विश्रामबागेतल्या त्या ज्येष्ठांच्या घराचे तीन महिन्यांचे पैसे मी भरून आले. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर 'दिवाळीनंतर बघू' असंच ऐकलं असतं, आणि मृग तर लागलासुद्धा. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा गावभागातलं आपलं घर पाण्यात होतं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आई निदान स्वतःच्या पायांनी जिना उतरून होडीत बसली होती. आता तो गुडघा आहे. दादा म्हणतो, पुण्याला ने. त्याला तिकडून म्हणायला काय जातं! माझा तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि मागच्या खेपेला अकराव्या दिवशी बाबा सांगलीच्या गाडीची वेळ विचारत होते. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट झाल्यापासून तर बोलायलाच नको.

त्या घरी मी न कळवता भर दुपारी जाऊन बसले. साधा बंगला, नऊ माणसं. ओसरीवर एक आजी मेथी निवडत होत्या. मला वाटलं, वेळ जावा म्हणून दिली असेल, पण रात्री तीच भाजी ताटात आली. भाकरी ज्वारीची, मऊ. आमटी जरा पांचट होती. आई, तू नाव ठेवशील. ठेव खुशाल, तिथल्या वहिनी ऐकून घेतात. चहा सहाला, बाबांचा बिनसाखरेचा. पेपर नऊजणांत एकच येतो, म्हणून बाबांचा वेगळा लावलाय. कमोडशेजारी भिंतीला धरायला दांडा आहे, उशाशी बेल आहे, रात्री एक बाई दाराबाहेरच झोपते. खोली दोघांना मिळून एकच, पलंग आपलाच न्यायचा. कोनाडा मी टेपने मोजला. देव्हारा बसतो, फक्त कळस काढावा लागेल. आणि आई, तुझी नाव घातलेली फुलपात्रीच घे, म्हणजे कुणाच्यात मिसळायची नाहीत.

'पावसाळ्यापुरतं' असं मी आईला म्हणाले होते. ते पूर्ण खरं नव्हतं. दिवाळीला तुम्हीच ठरवा, पण तिथेच राहिलात तर मला बरं वाटेल. गेल्या श्रावणात बाबा पाणी बघायला गेले आणि रात्री दूधवाल्याच्या मागे बसून घरी आले. रस्ता चुकले असं मी म्हणत नाही. दिवे गेले होते, पाऊस होता. पण ते चार तास मी इथे गॅसपाशी उभी होते आणि दूध दोनदा उतू गेलं.

बाबा, मला सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही पुलावर न्यायचात. टॉवेलची घडी घालायचात, तरी दांडी रुतायची. मी पाण्याला घाबरले की म्हणायचात, 'पुलाने याहून जास्त बघितलंय.' येताना भडंगाची पुडी, आणि आईला सांगायचं नाही. (आई, तुला माहीत होतं ना?)

आता नीट ऐका. जेवण पुढ्यात आल्याशिवाय बाबांनी साखरेची गोळी घ्यायची नाही. हातपाय थरथरले, घाम फुटला तर आधी चमचाभर साखर तोंडात, मग मला फोन. रात्री एकदम उठून उभं राहायचं नाही, मिनिटभर काठावर बसायचं. पेन्शनचं पुस्तक, दोघांची आधार कार्डं निळ्या पिशवीत घाला. नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याचं मी बघते. लोणच्याची एकच बरणी. एकच! आणि घर बंद राहणार नाही, काकू रोज तुळशीला पाणी घालतील. किल्ली बाबांकडेच राहील.

रविवारी दहापर्यंत गाडी घेऊन पोचते. तोवर कुणीही माळ्यावर चढायचं नाही. ट्रंक मी उतरवेन.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, पाणी चढलं की मला सांगा. शनिवारी येईन, बरोबर बघायला जाऊ. दांडीवर आता मी मावत नाही, रिक्षा करू.