रंगीत चकती सोडून परत कोल्ह्याकडे का गेलो

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात हल्ली दिवसाआड ऑनलाइन फसवणुकीची बातमी असते, अमक्याचे इतके लाख गेले, आणि खाली ते ठरलेलं आवाहन की अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. बरोबर आहे ते. पण ती लिंक उघडते कशात, म्हणजे कुठल्या ब्राउझरमध्ये, याच्यावर कोणी एक ओळ लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहूया. माझं गोव्यात फोंड्याला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे, आधी तेच सायबर कॅफे होतं, म्हणजे वीसेक वर्षं मी लोकांना ब्राउझर वापरताना मागे उभा राहून बघतोय. तेवढाच माझा अधिकार.

दुकानात येणाऱ्या कोणालाही विचारा की ब्राउझर कुठला वापरता, दहातले आठ जण म्हणतात गूगल. उरलेले दोघे म्हणतात म्हणजे काय. ती गूगलच्या क्रोम ब्राउझरची रंगीत चकती फोनमध्ये आधीपासून असते, भाड्याच्या खोलीत पंखा असतो तशी, कोणी निवडलेली नसते. आणि ती तिथे फुकट बसलेली नाही हो. अमेरिकेतल्या कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल दिला की सर्चच्या धंद्यात गूगलने बेकायदेशीर मक्तेदारी केली, आणि त्या खटल्यातच बाहेर आलं की फोनवर नि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून लावलेलं असावं म्हणून त्यांनी एकट्या २०२१ सालात २६ अब्ज डॉलरच्या वर पैसे वाटले. आपण सेटिंग बदलणार नाही याच्यावर एवढा पैसा लावतात म्हणजे आपला आळस किती किमती आहे बघा!

आता माझं सांगतो. मी फायरफॉक्स वापरतो, चिन्हात कोल्हा असतो तो ब्राउझर, दुकानातल्या तिन्ही मशीनवर आणि फोनवर पण. पहिल्यापासून भक्त वगैरे नाही, मध्ये सोडून गेलो होतो.

कॅफे सुरू केला तेव्हा विंडोज एक्सपी आणि तो निळा ई, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर. मराठी पेपर नेटवर वाचायचा तर तोच लागायचा, कारण बऱ्याच मराठी साइटींचे फॉन्ट त्यांचे त्यांचे असायचे, साइट उघडली की फॉन्ट आपोआप खाली यायचा आणि ही युक्ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालायची. दुसऱ्या कशात उघडलं की अक्षरांच्या जागी नुसत्या किडे-मुंग्या. युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच पद्धतीच्या अक्षरांच्या, साइटी आल्या तर तिथे वेगळंच, एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसायला सीडी घालून सेटिंग चालू करायला लागायचं नाहीतर वेलांट्या भलतीकडे पळायच्या. मग फायरफॉक्सला पद्मा नावाचं एक ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, आहे असं कळलं, ते त्या साइटींचे फॉन्ट ओळखून युनिकोडमध्ये फिरवून दाखवायचं. कोणीतरी फुकट बनवून ठेवलेलं! तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ब्राउझर म्हणजे नुसती खिडकी नाही, ती आपल्याला हवी तशी सुताराकडून करून घेता येते. परदेशातल्या मुलांची खबर वाचायला येणारे दोन-तीन म्हातारे त्या मशीनवर हक्काने बसायचे, "ते कोल्ह्यावालं दे" म्हणून.

१७ जून २००८ ला फायरफॉक्स ३ आलं त्या दिवशी चोवीस तासांत ऐंशी लाख डाउनलोड झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली, त्यात दोन डाउनलोड माझे. बाहेर पाऊस, लाइट येतेय-जातेय, ब्रॉडबँड रांगतोय, अर्धा दिवस गेला असेल.

आणि त्याच सप्टेंबरात क्रोम आलं आणि एकदोन वर्षांत मी पण तिकडे गेलो. खोटं कशाला सांगू, चांगलं होतं ते. एक टॅब अडकला तर बाकीचे चालू राहायचे, कॅफेवाल्याला आणखी काय पाहिजे.

मग परत का आलो तर कारणं दोन-तीन आहेत, पण मोठं एकच. जूनमध्ये ॲडमिशनचा सीझन असतो, फर्मागुडीच्या कॉलेजांची पोरं, त्यांचे आईबाप, सगळ्यांना काही ना काही डाउनलोड करायचं असतं. एका साइटवर एका पानावर डाउनलोड लिहिलेली तीन हिरवी मोठी बटणं, तिन्ही जाहिराती, आणि खरी फाइल खाली बारीक निळ्या अक्षरात. आमच्या पोऱ्याने हिरवं दाबलं. ऐन सीझनला मशीन दोन दिवस बंद, फॉरमॅट मारायला लागला. त्या दिवसापासून यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ॲड-ऑन लावल्याशिवाय मी कुठलंच मशीन गिऱ्हाइकाला देत नाही. ते लावलं की ती हिरवी बटणंच दिसत नाहीत. खरी बारीक लिंक तेवढी उरते. अँटीव्हायरसला वर्षाला पैसे भरणाऱ्यांना मी हेच सांगतो की आधी हे फुकटचं लावा.

तर झालं काय, क्रोमने ॲड-ऑनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही थ्री म्हणतात त्याला, आणि २०२४-२५ मध्ये जुन्या नियमातलं यूब्लॉक ओरिजिन क्रोममधून हळूहळू बंदच पडलं. त्याची एक लाइट आवृत्ती चालते पण तिचे हात बांधलेले आहेत. कंपनी म्हणते सुरक्षेसाठी केलं. असेलही. पण जिचा धंदाच जाहिरातींचा ती कंपनी जाहिरात अडवणाऱ्याचे नियम ठरवणार, हे म्हणजे मांजराने दुधाला झाकण कसलं लावायचं ते सांगणं झालं. फायरफॉक्समध्ये ते अजून पूर्ण चालतं आणि अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्ये सुद्धा चालतं, हे पुष्कळांना माहीतच नाही. आयफोनवाल्यांनी मात्र उड्या मारू नयेत, तिथे नाव कुठलंही असलं तरी आपल्याकडे आत ॲपलचंच इंजिन, म्हणजे पान उघडून दाखवणारी आतली यंत्रणा, असतं, फायरफॉक्सची ही ॲड-ऑन तिथे चालत नाहीत.

इंजिनावरून आठवलं. लोक म्हणतात अरे क्रोम नको तर एज घे, ऑपेरा घे, ब्रेव्ह घे, आपल्या झोहोचं उला घे. घ्या ना, वाईट नाहीत. पण बाहेरून पत्रा वेगळा, आत इंजिन तेच, गूगलचं क्रोमियम. ऑपेराने स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्टसारख्या मायक्रोसॉफ्टने सुद्धा २०२० मध्ये एजला तेच लावलं. आता वेगळं इंजिन उरलं ते ॲपलचं आणि फायरफॉक्सचं. तुम्ही म्हणाल आम्हाला काय त्याचं, पान उघडलं म्हणजे झालं. मी निळ्या ईचा काळ बघितलाय. समोर कोणी नव्हतं तेव्हा एक्सप्लोरर ६ नंतर ७ यायला २००१ ते २००६ लागली, पाच वर्षं काही नाही, आणि आम्ही रोज त्याच्यातून टूलबार उपसत बसायचो. फायरफॉक्स आल्यावरच ते हलले.

दुसरं कारण दुकानाचं आहे. क्रोममध्ये गिऱ्हाइकाने जीमेल उघडलं की ब्राउझरच त्या माणसाच्या नावाने साइन इन व्हायचा, २०१८ मध्ये हे सुरू झालं. एकदा कोपऱ्यात एका बाईंचा फोटो, त्या प्रिंट घेऊन कधीच गेलेल्या आणि पुढचा माणूस त्यांच्याच नावावर बसलेला. मी बघितलं म्हणून बरं. फायरफॉक्समध्ये मी सेटिंगच करून ठेवलंय, बंद केला की कुकी, हिस्टरी, सगळं साफ, पासवर्ड सेव्ह करू का हा प्रश्नच बंद. हे क्रोममध्ये पण बरंचसं करता येतं, नाही असं नाही, पण तिथे मला सेटिंग शोधायला लागतं आणि इथे सापडतं. आणि ज्यांना वाटतं की इन्कॉग्निटो, क्रोमची ती खाजगी खिडकी, म्हणजे आपण अदृश्य झालो, त्यांच्यासाठी सांगतो, त्याच्यावरून अमेरिकेत गूगलवर केस झाली होती आणि २०२४ मध्ये त्यांनी तसा गोळा केलेला डेटा पुसायचं कबूल केलं. ती खिडकी फक्त त्या मशीनवरचे माग पुसते, समोरच्या साइटला तुम्ही दिसताच.

आता फायरफॉक्सचे दोष पण सांगायला पाहिजेत, नाहीतर तुम्ही म्हणाल कमिशन घेतो. काही सरकारी साइटी त्याच्यात अडतात, एका ठिकाणी ओटीपीची चौकटच येत नाही, फोन केला तर उत्तर, "क्रोममधून करा." म्हणून एज मी ठेवलाय, विंडोजबरोबर येतोच, पावसाळ्यात दाराआड जुनी छत्री ठेवतात तसा. आणि मला खरं टोचतं ते हे की फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा बहुतेक पैसा येतो गूगलकडूनच, सर्चमध्ये त्यांना पहिली जागा दिल्याबद्दल. म्हणजे ज्याच्यापासून मी पळतोय त्याच्याच भातावर माझा कोल्हा जगतो. याला माझ्याकडे उत्तर नाही. उद्या तो पैसा बंद झाला तर काय, देव जाणे.

परवा एक बाई फोन घेऊन आल्या, घाबरलेल्या. "पळय मरे, हें कितें जालां, दर पांच मिनटांनी वायरस म्हणून येता." व्हायरस कसला, कुठल्यातरी रेसिपीच्या साइटने नोटिफिकेशन पाठवू का विचारलं होतं आणि त्यांनी अलाव दाबलं होतं. अशा अकरा साइटी निघाल्या. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या काढल्या, दोन मिनिटांचं काम. एका दुकानात त्यांना म्हणे फोन रिसेट मारायला सांगितलं होतं, पैसे घेऊन. दुसऱ्या दिवशी घरची रसबाळी केळी आणून दिली त्यांनी. तुम्हीपण आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोन घेऊन ती यादी एकदा बघाच.

आणि संपादकसाहेब, राग मानू नका, पण त्या अकरात एक साइट तुमच्या पेपरची होती. बातमी उघडली की आधी अलाव विचारता, मग खालून जाहिरात वर येते, बातमी दोन बोटं दिसते, आणि माझ्या यूब्लॉकला बघून तुमचं पान म्हणतं कृपया ब्लॉकर बंद करा. तुमचा पण धंदा आहे, जाहिरात नसेल तर बातमीदाराला पगार कुठून, कळतं मला. साध्या उभ्या जाहिराती लावा, हलणाऱ्या, अंगावर येणाऱ्या काढा, मी त्याच दिवशी तुमच्या साइटपुरता ब्लॉकर बंद करतो, एका बटणाचं काम आहे. कागदावरच्या तुमच्या जाहिराती आमच्या घरात सगळे वाचतात, आमची आई तर पहिलं पान सोडून आधी श्रद्धांजलीचं पान उघडते.

आपला,
एक झेरॉक्सवाला, फोंडा
(नाव छापू नका, गिऱ्हाइकं चिडवत बसतील)