लोअर बर्थचे पैसे द्या आणि आमची गोधडी शोधा

प्रति,
मॅनेजर साहेब / कस्टमर केअर
विषय : गेल्या शुक्रवारची नेरूळ ते कराड एसी स्लीपर बस

नमस्कार,

तुमच्या ऑफिसला तीनदा फोन करून झाला, तिन्ही वेळा "मॅडम नोट केलंय" एवढंच ऐकलं, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. जरा मोठं आहे पण पूर्ण वाचा.

आमची मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. डिलिव्हरी माझ्या माहेरी ठाण्याला झाली, सासू-सासरे कराडला, सासूबाईंना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही त्यामुळे त्यांनी नातीला आजपर्यंत फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलेलं. चौदा आठवड्यांचं इंजेक्शन होऊ दे मग जा असं डॉक्टर म्हणाले होते, ते झालं आणि लगेच तिकीट काढलं. माझं सिझर झालंय, शिडी चढायला नको म्हणून मुद्दाम पुढचा लोअर डबल घेतला, 2400 रुपये. अप्पर 2000 ला होता. बुकिंग करताना फोनवर विचारलं होतं की सोबत तान्हं बाळ आहे, सीट बदलणार नाही ना, तर तुमचा माणूस म्हणाला "निर्धास्त या."

गाडी रात्री 10.30 ची, नेरूळ एलपीच्या थांब्यावर आली 12.10 ला. तोपर्यंत हायवेच्या कडेला बाळाला घेऊन उभे, ट्रॅकिंगची लिंक उघडतच नव्हती आणि ड्रायव्हर "वाशी सोडलंय" हे पाऊण तास सांगत होता. वाशी ते नेरूळ पाऊण तास? बरं ते ट्रॅफिकचं सोडून देते, मुंबईत राहतो आपण.

आत गेलो तर आमच्या बर्थवर दुसरेच झोपलेले. क्लीनर म्हणे गाडी बदलली आहे, नंबर मागेपुढे झालेत, तुम्ही शेवटचा अप्पर घ्या. शेवटचा म्हणजे मागच्या टायरच्याही मागे, जिथे साधा स्पीड ब्रेकर आला तरी माणूस उडतो. मी म्हटलं टाके आहेत, बाळ आहे, तर म्हणे "सगळ्यांचं काही ना काही असतं मॅडम." वर बाळाचं हाफ तिकीट मागितलं! एसटीत पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नसतं, आणि ही तर माझ्या मांडीवर. मिस्टरांनी आवाज चढवल्यावर गप्प बसला.

वरच्या बर्थवर बसून बाळाला पाजायचं म्हणजे काय ते तुमच्यापैकी कुणीतरी एकदा ट्राय करा. मान ताठ करता येत नाही, पडद्याचे हूक तुटलेले, मी हेअरक्लिप लावून पडदा धरला. एसीचं भोक बरोबर बाळाच्या डोक्यावर आणि त्याची झडप गायब. थंड हवा नुसती भसाभसा, शेवटी दोन लंगोट गुंडाळून त्या भोकात कोंबले, एक खंडाळ्याच्या आसपास माझ्या तोंडावर पडला. एसी कमी करा सांगायला मिस्टर दोनदा पुढे जाऊन आले. पोरगी रडायला लागली तर खालून क्लीनर ओरडतो, बाटली द्या ना तिला. अहो सहा महिने आईचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, बाटली कुठून आणू? खंबाटकीत तर मी एका हाताने तिला आणि एका हाताने शिडीचा दांडा धरून बसले होते. शेजारच्या बर्थवरच्या एक मावशी उठून माझ्या पाठीशी उशी लावून गेल्या, त्यांचं नाव विचारायचंही राहिलं.

आता खरा मुद्दा. तिकिटावर उतरायचं ठिकाण कोल्हापूर नाका लिहिलंय. सासरे पहाटेपासून तिथे रिक्षा घेऊन थांबलेले, डिसेंबरची थंडी, वय 71. तुमच्या ड्रायव्हरने आम्हाला अलीकडेच हायवेवर उतरवलं, अंधारात, "आत जात नाही, लवकर उतरा, मागून गाड्या येतायत" करत. एकाने बॅगा, एकीने बाळ, त्या घाईत बाळाची गोधडी वरच राहिली. दोन मिनिटांत फोन केला तर ड्रायव्हरने उचललाच नाही.

सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्याच होत्या. नातीला ओवाळलं, घेतलं, आणि पहिलं विचारलं, गोधडी कुठाय गं? कारण ती त्यांनीच शिवून पाठवलेली.

माझं म्हणणं सरळ आहे. लोअर-अप्परचे 400 रुपये परत करा, मेहेरबानी म्हणून नाही, जे दिलं नाही त्याचे पैसे घेतलेत म्हणून. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार आहे, तिकीट आणि फोटो सगळं ठेवलंय. आणि ते "आपला प्रवास कसा झाला, पाच स्टार द्या" मेसेज तेवढे बंद करा, आतापर्यंत चार आलेत.

गोधडी ओळखायला सोपी आहे. वरून सासूबाईंच्या हिरव्या नऊवारीची, खालच्या बाजूला मिस्टरांच्या शाळेतल्या पांढऱ्या शर्टांचे तुकडे, एका कोपऱ्याला दुधाचा पिवळट डाग. गाडी धुणाऱ्या पोरांना विचारा, पुसायला घेतली असेल तरी चालेल, धुऊ नका, आहे तशी द्या. नेरूळ एलपीला कुठल्याही गाडीतून पाठवा, मी येऊन घेऊन जाईन, रात्री कितीही वाजू देत.