हसायचे कशाला?

उत्तर कोरियाचे 'उन्हा-३' रॉकेट १३ एप्रिल २०१२ ला उड्डाणानंतर दोनेक मिनिटांतच पिवळ्या समुद्रात कोसळले आणि इकडे विनोदांना ऊत आला. दिवाळीतल्या फुसक्या बाणाचा विनोद तर मला एकाच दिवसात चौघांनी पाठवला! आपले १० ऑगस्ट १९७९ आपण विसरलो काय? आपले 'एसएलव्ही-३' रॉकेटही बंगालच्या उपसागरातच पडले होते. प्रकल्पप्रमुख कलाम होते, पण पत्रकारांना सामोरे गेले 'इस्रो'चे अध्यक्ष सतीश धवन.

उत्तर कोरियाच्या सरकारने या वेळी अपयश काही तासांतच सरकारी दूरचित्रवाणीवर कबूल केले. परदेशी पत्रकारांना स्वतःच बोलावून ठेवल्यावर लपवणार तरी कसे, म्हणा! २००९ मध्ये कक्षेत न पोहोचलेला उपग्रह अंतराळातून गाणी ऐकवतो आहे, असे याच सरकारने सांगितले होते.

टीका जरूर करावी, पण ती उत्तर कोरियाचे संस्थापक किम इल-सुंग यांच्या जन्मशताब्दीच्या या आतषबाजीपायी अमेरिकेची २ लाख ४० हजार टन अन्नमदत घालवल्याबद्दल. ते अन्न प्रामुख्याने लहान मुले आणि गरोदर बायांसाठी होते. मला आलेल्या एकाही विनोदात त्यांचा उल्लेख नव्हता.

– एक वाचक, ठाणे