ताई, त्या तीन मिनिटांसाठी थँक्यू

ताई, नाव लिहू नकोस असं तुम्ही आधीच बजावलंय म्हणून नुसतं ताईच म्हणते. थँक्यू मी शहराच्या समता धोरणावरच्या सुनावणीच्या दिवशी हॉलच्या जिन्यात म्हटलं होतं, पण तेव्हा माझे हात थरथरत होते आणि तुम्हाला अजून कुणाचातरी कागद बघायला जायचं होतं, त्यामुळे बोलायचं ते सगळं राहूनच गेलं. आज नीट लिहितेय.

मी आले होते ती दोन पानभर राग घेऊन. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती वॉकरवर आहे, घरापासून बस थांबा जेमतेम पाच मिनिटांवर पण फुटपाथची कड एवढी उंच की वॉकर चढतच नाही, म्हणजे तिने चालायचं कुठून तर गाड्यांच्या मधून, आणि थांब्यावर पोचलीच तर बसायला काही नाही. आठ महिने ती एकटी कुठे गेली नव्हती. ते सगळं मी रात्री जागून लिहून काढलं होतं आणि मला वाटत होतं की सुनावणी म्हणजे हेच, आपण आपलं सांगायचं आणि ते ऐकणार.

तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून दोन्ही पानं पूर्ण वाचलीत. घाईघाईत नजर फिरवली नाहीत, वाचलीत. मग एकच विचारलंत, यातलं नेमकं काय बदलायला हवंय? मी म्हटलं सगळंच. तुम्ही पिशवीतून समता धोरणाचा मसुदा काढलात, जो मी उघडूनही पाहिला नव्हता, आणि एका ओळीवर बोट ठेवलंत. बस थांबे आणि पदपथ शक्य असेल तेथे सर्वांना वापरता येतील असे करण्यात येतील. तुम्ही म्हणालात, या 'शक्य असेल तेथे'मध्ये तुझ्या आईचा थांबा कधीच बसणार नाही, कारण शक्य आहे की नाही हे ठरवणार कोण आणि कधीपर्यंत, ते कुठेच लिहिलेलं नाही. खरं सांगू का, मी ती ओळ एकटीने वाचली असती तर मला ती चांगलीच वाटली असती.

समानता आणि समन्याय, म्हणजे सगळ्यांना सारखं देणं आणि गरजेप्रमाणे देणं, यातला फरकही तिथेच कळला. प्रत्येक वॉर्डाला सारखेच बाक दिले की हिशोब सोपा होतो, पण जिथे म्हातारी माणसं जास्त, जिथे लोक गाडीने नाही तर पायीच जातात, तिथे जास्त लागणार हे उघड आहे, आणि धोरण नेमकं त्यासाठीच असतं. स्वीडनमधल्या कार्ल्सकुगा शहराचं तुम्ही सांगितलेलं मी अजून दहा जणांना सांगितलंय, की तिथे बर्फ काढताना आधी मोठे रस्ते मोकळे करायचे आणि फुटपाथ शेवटी, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, वर्षानुवर्षं तसंच चालू होतं. मग त्यांनी तपासून पाहिलं की कोण कसं फिरतं, तर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांत बायका जास्त आणि घसरून पडून दवाखान्यात येणारेही पायी चालणारेच जास्त, म्हणून त्यांनी क्रम उलटा केला, आधी पायवाटा आणि सायकलचे रस्ते आणि मग बाकीचे. बर्फ तोच, मशीन तीच, फक्त आधी कोण ते बदललं. हे ऐकल्यावर माझा राग कमी झाला नाही पण त्याला काहीतरी करायला मिळालं.

मग बोलायला मिळणाऱ्या त्या तीन मिनिटांची तयारी. मी कोण, एकच प्रसंग, कुठलं कलम, त्यात कुठले शब्द काढायचे आणि त्याजागी कुठले घालायचे, बस. माझी दोन पानं अर्ध्या पानावर आणलीत आणि मोबाईलवर टायमर लावून मला चार वेळा मोठ्याने वाचायला लावलंत. मागणीचं वाक्य आधी म्हण, घंटा वाजली तर प्रसंग अर्धवट राहिला तरी चालेल पण मागणी राहता कामा नये, हे तुमचंच. आणि लेखी प्रत द्यायची, आपल्या कॉपीवर तारखेचा शिक्का घ्यायचा, कारण बोललेलं इतिवृत्तात एका ओळीत आवळलं जातं पण दिलेला कागद जसाच्या तसा फाईलला राहतो. पोचपावती हा शब्द मला माहीत होता, तिची किंमत त्या दिवशी कळली.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. माझं बोलून झाल्यावर समितीतल्या एकांनी विचारलं, अशी गरज किती लोकांना आहे, आकडा आहे का? मी तुमच्याकडे बघितलं. तुम्हाला उत्तर येत होतं हे मला माहीत होतं, आणि तुम्ही मान खाली घालून कागद बघत राहिलात. त्या क्षणी खूप एकटं वाटलं आणि थोडा रागही आला तुमचा. मग मीच म्हटलं की आकडा माझ्याकडे नाही, तो शहराकडे असायला हवा, थांबा कोण वापरतं आणि कोणाला वापरताच येत नाही हे वय, बाई-पुरुष, अपंगत्व असं वेगवेगळं मोजा हीच माझी दुसरी मागणी आहे. कागदावर ती होतीच, पण ती त्या प्रश्नाचं उत्तर आहे हे मला बोलता बोलता सुचलं. तुम्ही उठून बोलला असतात तर ते तुमचं म्हणणं झालं असतं आणि मी परत बिचारी मुलगी म्हणून खाली बसले असते. ते न बोलणं मला आयुष्यभर पुरेल.

माझ्यानंतर त्या काकू होत्या, ज्यांना तिथली भाषा येत नव्हती आणि त्यांची मुलगी एकेक वाक्य सांगत होती. दोन वाक्यं झाली आणि दीड मिनिट गेलं. तेव्हा मात्र तुम्ही लगेच उभ्या राहिलात, की वाक्य दोनदा बोलावं लागतंय तर वेळही दुप्पट द्या. अध्यक्ष बाईंनी एक सेकंद विचार केला आणि हो म्हटलं. सगळ्यांना सारखी तीन मिनिटं ही त्या काकूंसाठी दीडच होती, आणि हे समता धोरणाच्या सुनावणीतच आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अंतिम मसुदा आला तेव्हा 'शक्य असेल तेथे' गेलं होतं, त्याजागी काम केलं नाही तर लेखी कारण द्यायचं आणि ते जाहीर करायचं असं आलंय. मोजणीचं पण घेतलंय, जरा मोघम आहे. सुनावण्या कामाच्या वेळेनंतर ठेवा ही मागणी मात्र कुठेच नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं कारण जे अर्ध्या दिवसाची रजा काढू शकत नाहीत ते आलेच नव्हते. तेव्हा तुम्ही अमेरिकेतल्या अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये मांडलेली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी सांगितलीत, त्यात लोकांचं मत विचारणं ही चौथी पायरी, खरा अधिकार अजून बराच वर. आणि ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत १९८९ पासून लोक बजेटचा काही भाग स्वतः ठरवायला लागले तेही. म्हणजे आपण कुठे उभ्या आहोत ते कळलं, खोटं समाधान नाही दिलंत, त्यासाठी वेगळं थँक्यू.

आता एक बातमी. आईने अंतिम मसुद्यातली ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाली, पुढच्या वेळी मी येते, माझं मी सांगते. पण हॉल पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. म्हणून पुढची सुनावणी तळमजल्यावर घ्या असा अर्ज काल दिलाय, कारण एका वाक्यात, मागणी आधी. पोचपावतीचा फोटो तुम्हाला पाठवलाय, शिक्का जरा पुसट आलाय पण तारीख वाचता येते.