पावसाळी ट्रेकला कोरडे मोजे जपा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, हेमकुंडला जाणाऱ्या मराठी ट्रेकर्सची पायांची तयारी बहुतेकदा महागड्या वॉटरप्रूफ बुटांपाशीच थांबते. दिवसभराच्या पावसात पाणी पोटऱ्यांवरून ओघळत बुटाच्या तोंडातून आत शिरते आणि जो अस्तर बाहेरचे पाणी अडवतो, तोच आतलेही कोंडून ठेवतो. मुक्कामाचे गाव घांगरिया सुमारे ३,०५० मीटरवर, हेमकुंड चार हजारांच्याही वर. तिथल्या गारठ्यात असा बूट रातोरात वाळत नाही. पाय भिजणार हे धरूनच निघावे आणि रेनपँट बुटात न खोचता बाहेरून सोडावी.

मोजे लोकरीचे, तीन जोड. सुती मोजा भिजला की ऊब देत नाही आणि चुण्या पडून टाच सोलतो. दोन जोड चालायला. तिसरा प्लास्टिकच्या पिशवीत, फक्त झोपताना घालायला. सकाळी ओले मोजे चढवणे नको वाटते, म्हणून लोक हाच जोड बुटात घालतात. तिथेच घात होतो. दिवसभर भिजून फुगलेल्या कातडीला सावरायला रात्रीचे सात-आठ तास कोरडे मिळालेच पाहिजेत. जेवणाच्या थांब्यावर बूट काढून बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाय पुसावेत, मोजे पिळून घ्यावेत. सकाळी टाचेला, बोटांना व्हॅसलिनचा पातळ हात. मुक्कामी इनसोल (बुटातला सुटा तळ) काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने बदलावेत. शेकोटीजवळ बूट ठेवू नयेत, सोलचा गोंद सुटतो.

पाय बिघडायला बर्फ लागत नाही; दहा अंशांत तासन्‌तास ओला राहिला तरी पुरते. पाऊल पांढरेफटक, सुरकुतलेले, बधिर होते. ऊब मिळताच लाल होऊन सुजते, आग होते. अशा वेळी चोळू नये, शेकूही नये. बधिर कातडीला चटका कळत नाही. पुसून, कोरडे मोजे घालून पाय उशीवर टेकवून उंच ठेवावेत. बधिरपणा गेला नाही तर पुढची चढाई सोडून डॉक्टर गाठावा. मधुमेहींनी तर रोज रात्री तळवे निरखून पाहावेत.

आयोजकांना विनंती, सामानाच्या यादीत 'झोपायचे मोजे' वेगळे लिहा. आणि कपाटात पाच-सहा वर्षे पडलेले बूट घालून येऊ देऊ नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांच्या सोलमधला पॉलियुरेथेन या फोमचा थर आतून भुसभुशीत होतो. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि वाटेत तळ गळून पडतो. अंगठ्याने दाबून भेगा दिसतात का पाहावे, निघण्याआधी दोनदा सिंहगड चढून यावे.

एक ट्रेक लीडर, पुणे