साखळी कच्च्या मालाच्या ड्रमपासून सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधांच्या पुरवठा साखळीत ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्यांकडे प्रत असलेली आणि मागची नोंद गुपचूप बदलता न येणारी डिजिटल नोंदवही, आणण्याबद्दल जे काही वाचनात येतं, त्यात बोलणं बहुतेक तयार पाकिटाचंच असतं. पाकिटावरचा चौकोनी कोड स्कॅन केला की औषध अस्सल की नक्कल ते कळेल, असं. ते व्हायलाच हवं. पण मी औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते आणि मला धास्ती असते ती पाकिटाआधीच्या, कच्च्या मालाच्या ड्रमची.

ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल दोन बीकरमध्ये शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही बिनरंगी, दोन्ही घट्टसर, वासावरूनही काही उमगत नाही. चवही दोन्हींची गोड. एक सिरपमध्ये चालतं, दुसरं मूत्रपिंडं निकामी करतं. फरक कळतो तो चाचणीतच. चाचणी टाळली तर भिस्त उरते ती मालासोबत आलेल्या कागदावर, ज्याला आम्ही सीओए, म्हणजे मालाच्या शुद्धतेचं विश्लेषण प्रमाणपत्र, म्हणतो.

२००६ मध्ये पनामात खोकल्याच्या औषधाने शंभराहून अधिक माणसं दगावली, ती अशाच कागदावर विसंबल्यामुळे. माल चीनमधून निघून स्पेनमार्गे पनामात पोचला. कागद म्हणत होता, ९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरीन. व्यापारी बदलत गेले तसं मूळ उत्पादकाचं नाव कागदावरून गळत गेलं, आणि वाटेत ड्रम तपासला कोणीच नाही. त्याच्या दहा वर्षं आधी हैतीत लहान मुलांचे बळी असेच गेले होते. त्या बाटल्यांवर कितीही चांगला कोड असता, तरी स्कॅन केल्यावर उत्तर 'अस्सल' असंच आलं असतं.

युरोपीय संघाने फेब्रुवारी २०१९ पासून पाकिटावर स्वतंत्र क्रमांक सक्तीचा केला, तो ब्लॉकचेनशिवायच, साध्या डेटाबेसवर. कारण तिथे नोंदवही सांभाळणारी एक सर्वमान्य यंत्रणा आहे. तीन देशांतल्या पाच व्यापाऱ्यांमधून फिरणाऱ्या ड्रमला असा सर्वमान्य राखणदार कुठून आणायचा? ब्लॉकचेनची खरी गरज मला इथे दिसते. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश, म्हणजे तिच्यावरून गणिताने काढलेला डिजिटल ठसा, गुंफलेला, वहीच्या प्रती सगळ्यांकडे. मधलं एक नाव गाळायचं म्हटलं की पुढची सगळी जुळणी मोडते.

व्यापारी म्हणतील, आमचा पुरवठादार उघडा पडेल. अमेरिकेत मेडिलेजर नावाच्या प्रकल्पाने औषधांच्या पाकिटांबाबत दाखवलं आहे, की व्यवहाराचा तपशील झाकून ठेवूनही त्याचा खरेपणा पडताळता येतो.

खोटी नोंद ब्लॉकचेन थांबवू शकत नाही, हे मान्यच. म्हणून ड्रम ज्याच्या ताब्यात येईल त्याने चाचणी करावी आणि निकाल तपासणाऱ्याच्या डिजिटल सहीनिशी चढवावा. मग खोटं लिहिणाऱ्याचं नाव तरी पुढच्या टप्प्यावर पुसलं जाणार नाही.

सुरुवात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि सॉर्बिटॉल या सिरपमध्ये वापरल्या जाणाऱ्या तीनच द्रव्यांपासून करावी. ड्रम वापरायला सोडताना मला एका रकान्यात सही करावी लागते. त्याआधी तो ड्रम ज्यांच्या हातून आला, त्या सगळ्यांच्या सह्या मला दिसायला हव्यात.

आपली,
एक वाचक